"मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही" : ऑनलाइन खरेदी, आपला पत्ता आणि आपले पैसे

सेक्टर_अठरा | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. हा धागा काढू की नको, असं आठवडाभर चाललं होतं. शेवटी बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "माझं नाव घालू नकोस, बाकी झालं ते सगळं लिही."

आम्ही नेरुळला राहतो. बाबा ७४ वर्षांचे आहेत. वीज बिल, गॅस, औषधं सगळं स्वतः फोनवरून भरतात, मागवतात. गेल्या महिन्यात त्यांनी बीपी मोजायचं मशीन मागवलं. सोमवारी आलं. खोकं रिकामं करून नेहमीप्रमाणे खालच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. खोक्यावर नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल नंबर आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात बिल, सगळं तसंच होतं.

बुधवारी दुपारी फोन आला. बोलणारा मराठीतच बोलत होता आणि अगदी अदबीने. "काका, सोमवारी तुम्हाला बीपीचं मशीन मिळालं ना? त्यातला कफ लहान मापाचा गेलाय, मोठा पाठवतोय. पण पत्त्यात प्लॉट नंबर नाही म्हणून पार्सल अडकलंय." आता यातली प्रत्येक गोष्ट बाबांना पटण्यासारखी होती. कफ खरंच दंडाला आवळत होता. आणि नवी मुंबईत सेक्टर, प्लॉट, सोसायटी यातलं काहीतरी राहतंच, 'पत्ता अपुरा' म्हणून पार्सल परत गेल्याचा अनुभव प्रत्येक घरात आहे. पत्ता दुरुस्त करायला पाच रुपये भरा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक आली. कुरिअरच्या साइटसारखंच पान. बाबांनी कार्ड नंबर, मुदत, मागचे तीन आकडे भरले. ओटीपी आला, तो त्या पानावर टाकला. "चुकीचा पडला काका, दुसरा येईल." दुसरा आला, तोही टाकला.

पहिल्या ओटीपीने २४,९०० रुपये गेले, दुसऱ्याने २३,६००.

मला हे कळलं दोन दिवसांनी, शुक्रवारी संध्याकाळी. बाबा जेवायला उठेनात म्हणून आईने खोदून विचारलं तेव्हा. मी सगळ्यात आधी काय बोलले असेन? "बाबा, ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून किती वेळा सांगितलंय!" त्यावर ते म्हणाले, "मी कुणालाही सांगितला नाही. त्याने विचारलाही नाही. मी फक्त टाइप केला."

आणि ते खरं होतं. आपण घरातल्या मोठ्या माणसांना जे वाक्य पाठ करून घेतलंय, ते त्यांनी शब्दशः पाळलं होतं. कुणाला सांगितला नाही. त्या दोन्ही मेसेजमध्ये रक्कम आणि दुकानाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, मी नंतर वाचलं. पण आजकाल मेसेज उघडावाच लागत नाही. कीबोर्डच्या वरच सहा आकडे तरंगतात, त्यावर बोट ठेवलं की चौकटीत जाऊन बसतात. बाबांनी रक्कम पाहिलीच नव्हती, कारण फोनने त्यांना ती दाखवलीच नव्हती.

शुक्रवारी रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवली. ११,२०० रुपये पुढच्या एका खात्यात अडवले गेलेत असं कळलं. बाकीचे तोवर पुढे निघून गेले होते.

मला इथे दोन गोष्टी हव्यात. एक, खरेदी करताना तुम्ही स्वतः काय काळजी घेता ते सांगा, अगदी बारीकसारीक. दुसरं, त्या माणसाला आमची ऑर्डर कशी कळली, याने मला झोप येत नाहीये.

---

खाडीपलीकडे | रविवार, रात्री १०.१५

वाचून पोटात कालवलं. काकांना माझा नमस्कार सांगा.

आमच्या कळव्याच्या सोसायटीत पार्सलं गेटवरच्या टेबलावर पडलेली असतात. कोण कुठल्या फ्लॅटचा, त्याचा मोबाइल काय, आज काय आलं, हे येणारा-जाणारा कुणीही वाचू शकतो. मी स्वतः रोज वाचतो, आपलं शोधताना. आज पहिल्यांदा लक्षात आलं की माझंही दुसरे वाचत असतील.

एक विचारतो, बँक पैसे परत देणार नाही का? ओटीपी फसवून घेतलाय ना?

---

पाचपाखाडी | रविवार, रात्री ११.०५

मी बँकेत ३१ वर्षं काढली, शेवटची सहा वर्षं तक्रारींच्या टेबलावर. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

६ जुलै २०१७ ला रिझर्व्ह बँकेने ग्राहकाची जबाबदारी किती, यावर परिपत्रक काढलं. व्यवहार तुम्ही केलेला नाही, चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, माहिती मध्येच कुठून तरी फुटली, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत तुमच्या अंगावर येऊ शकतात. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवरच असते.

पण ग्राहकाने स्वतः ओटीपी, पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं, असंही त्यात आहे. बँका बोट ठेवतात ते याच ओळीवर. मला हे माझ्या टेबलावर अनेकांना सांगावं लागलं आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं, कारण समोर बसलेला माणूस निष्काळजी नसायचा. तो विश्वासाने वागलेला असायचा.

म्हणून 'कळवेपर्यंतचं' हा शब्द लक्षात ठेवा. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. पहिला व्यवहार झाल्याबरोबर कार्ड बंद केलं असतं तर दुसरे २३,६०० कदाचित वाचले असते. हे काकांना दोष द्यायला लिहीत नाही. अडीच मिनिटांत तेवढं भान कुणालाच राहत नाही, आणि ते भान राहू नये यासाठीच तर समोरचा न थांबता बोलत असतो. म्हणून बंदोबस्त आधीच करून ठेवायचा.

तो असा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगला जा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितलंय की ऑनलाइन, परदेशी आणि कार्ड नुसतं टेकवून होणारे व्यवहार ग्राहकाला हवे तेव्हा चालू-बंद करता आले पाहिजेत, मर्यादाही त्यालाच ठरवता आली पाहिजे. परदेशी व्यवहार आजच बंद करा. अनेक परदेशी साइटवर ओटीपी लागतच नाही, नुसता नंबर आणि मागचे तीन आकडे पुरतात. ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा दोन-तीन हजारांवर आणा. मोठी खरेदी असेल त्या दिवशी वाढवा, झाली की खाली आणा. माझ्या सुनेला सुरुवातीला हे कटकटीचं वाटायचं. आता ती गॅस बंद केल्यासारखी करते.

आणि पेन्शन किंवा पगार येतो त्या खात्याचं कार्ड खरेदीला वापरूच नका. वेगळं खातं काढा, त्यात लागतील तेवढेच पैसे टाका.

---

सेक्टर_अठरा | रविवार, रात्री ११.३०

काका, मनापासून आभार. आत्ताच बाबांच्या शेजारी बसून मर्यादा बघितली. दिवसाला एक लाख होती. आम्ही कुणीच ती ठरवली नव्हती.

---

ऐरोली_लोकल | सोमवार, सकाळी ८.२०

ठाण्याहून ऐरोलीला ट्रान्सहार्बरने जाता-येता लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पेमेंटच्याच कामात.

ऑर्डर कशी कळली, याच्या वाटा बऱ्याच आहेत. खोक्यावरचं बिल ही एक. विकणाऱ्याकडे काम करणारा कुणीतरी, गोदामातली यादी, कुरिअरच्या हबमधून काढलेला फोटो, या बाकीच्या. मी या धंद्यात असूनही सांगतो, पत्ता आणि मोबाइल नंबर पूर्ण गुप्त राहील अशी आशा धरू नका. एका पार्सलमागे तो दहा हातांतून जातो. त्यामुळे घरात एकच गोष्ट बिंबवायची: समोरच्याला आपलं नाव, पत्ता, ऑर्डर, रक्कम माहीत आहे म्हणून तो खरा ठरत नाही. पूर्वी ओळखीचं कुणी नाव घेऊन आलं की आपण दार उघडायचो. ती सवय फोनवर घातक ठरते.

पेमेंटचं पान खरं की खोटं, यासाठी 'कुलूप दिसतंय का बघा' असं अजून सांगितलं जातं. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंतचा रस्ता बंदिस्त आहे. रस्त्याच्या टोकाला कोण बसलाय ते कुलूप सांगत नाही. चोरांच्या साइटलाही ते फुकट मिळतं. म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकलं.

साइटचा पत्ता वाचायला शिकवा. सुरुवातीचं https:// सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधायची आणि तिथून डावीकडे मागे यायचं. रेघेच्या लगतचे दोन शब्द (शेवट 'डॉट को डॉट इन' किंवा 'डॉट बँक डॉट इन' असा जोड असेल तर तीन) म्हणजे घरमालक, त्याच्या आधीचं सगळं सजावट. 'तुमची बँक डॉट पार्सल-अपडेट डॉट टॉप' असं असेल तर मालक 'पार्सल-अपडेट' आहे. बँकेचं नाव त्याने पाटीवर रंगवलंय. बँकांच्या बाबतीत आता हे सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' वर यायला सांगितलं होतं. ते शेपूट नसेल तर तिथे काही भरू नका.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून भरणारं अ‍ॅप, वापरा असं मी म्हणतो तेव्हा लोक म्हणतात पासवर्ड लक्षात राहतात की. लक्षात राहणं हा त्याचा खरा फायदाच नाही. तो साइटचा पत्ता अक्षरशः जुळवून पाहतो. खोट्या पानावर माझा डोळा फसेल, तो फसणार नाही. नेहमीच्या साइटवर आपोआप पासवर्ड भरला गेला नाही, की मी हात मागे घेतो.

कार्ड साइटवर साठवावं का, यावर वाद होणारच, म्हणून आधीच लिहितो. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात दुकानदाराला तुमचा कार्ड नंबर स्वतःकडे ठेवता येत नाही. त्याच्याकडे टोकन असतं, म्हणजे त्या दुकानापुरता चालणारा बदली क्रमांक. तो चोरीला गेला तरी दुसरीकडे चालत नाही. तेव्हा नेहमीच्या मोठ्या दुकानात टोकन करून ठेवणं हे दरवेळी नंबर टाइप करण्यापेक्षा बरं, असं माझं मत. एकदाच खरेदी करायची अशा ठिकाणी मात्र 'कार्ड साठवा' या चौकोनातली बरोबरची खूण काढून टाका. आणि खरेदीच्या खात्याचा पासवर्ड ईमेलच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवाच.

ऐरोली आलं. उरलेलं नंतर.

---

घोडबंदर_कासारवडवली | सोमवार, दुपारी १.१०

माझं सरळ मत आहे. सत्तरीनंतर फोनमध्ये बँक, कार्ड काही ठेवू नये. मुलांनी मागवावं, मुलांनी पैसे भरावेत. आणि बाकीच्यांनी फक्त सीओडी घ्यावं. माल हातात, पैसे हातात. मी आठ वर्षं हेच करतोय, एक रुपया गेलेला नाही.

---

सेक्टर_अठरा | सोमवार, दुपारी ३.४५

तुमच्या काळजीबद्दल शंका नाही. पण पहिलं मत मला मान्य नाही, आणि का ते लिहिते.

त्या शुक्रवारी मीही हेच ठरवलं होतं. बाबांच्या फोनमधून बँकेचं अ‍ॅप काढून टाकलं. पुढचे पाच दिवस ते औषधासाठी, रिचार्जसाठी, अगदी बेलापूरच्या डॉक्टरांची वेळ घेण्यासाठीसुद्धा माझी वाट बघत बसायचे. मी कामावरून आठला येते. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "चोराने पैसे नेले, आणि तू उरलेलं नेलंस." मी त्या रात्री अ‍ॅप परत घातलं.

बाबा दोन दिवस गप्प राहिले ते लाजेने. त्या दोन दिवसांत पैसे पुढे गेले. आम्ही घरात 'असं कसं फसतात लोक' असं बातम्या बघताना म्हणायचो, ते त्यांनी ऐकलेलं होतं. ते वाक्य मी आता कधीच म्हणणार नाही.

---

पार्सलवाला | सोमवार, रात्री १०.५०

मी कोपरखैरणे-घणसोली पट्ट्यात डिलिव्हरी करतो. इथे फक्त वाचायचो, आज खातं काढलं. काही चुकलं तर माफ करा.

आमचं काम कसं चालतं ते सांगतो म्हणजे खरा-खोटा ओळखता येईल. सकाळी हबमधून माल उचलतो, फोनमध्ये रूट येतो. तुम्हाला फोन लावायचा तर बऱ्याच कंपन्यांमध्ये आमच्या अ‍ॅपमधूनच लागतो, तुमचा नंबर आम्हाला दिसत नाही. पत्ता सापडला नाही तर आम्ही विचारतो, "कुठली विंग, जवळ काय आहे?" एवढंच. पत्ता दुरुस्त करायला पैसे आम्ही कधी मागत नाही, लिंक पाठवत नाही, कुठलाही नंबर डायल करायला सांगत नाही. पत्ता सापडला नाही तर पार्सल आरटीओ होतं, म्हणजे विकणाऱ्याकडे परत जातं. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

डिलिव्हरीचा ओटीपी असतो काही मालाला, मोबाइल वगैरेला. तो मी दारात उभा असेन, खोकं तुमच्या हातात असेल, तेव्हाच द्यायचा. "गेटवर ठेवतो, ओटीपी सांगा" असं म्हटलं तर देऊ नका. तो मेसेज आधी वाचा. 'डिलिव्हरी' लिहिलंय की रुपये लिहिलेत ते बघा.

सीओडीबद्दल वरच्या दादांना सांगायचं होतं. न मागवलेली सीओडी पार्सलं येतात. घरातला एखादा समजतो दुसऱ्याने मागवलं असेल, सहाशे-सातशे रुपये देऊन मोकळा होतो. आत चिंधी निघते. मी फक्त पोहोचवणारा, आतलं मला माहीत नसतं, पण शिव्या मीच खातो. आणि "नको आहे" म्हटलं की मागून कुणाचा तरी फोन येतो, "ऑर्डर रद्द करायला ओटीपी सांगा". ऑर्डर मागवलीच नाही तर रद्द करायला काही लागत नाही. 'नको' म्हणा आणि दार लावा. आम्हाला राग येत नाही.

काकांचं वाचून वाईट वाटलं. असे चोर आमचं नाव घेऊन बोलतात. पूर्वी लोक पाणी विचारायचे, आता दार अर्धंच उघडतात.

---

खाडीपलीकडे | सोमवार, रात्री ११.२०

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. 'डायल करायला सांगत नाही' यावर जरा सांगाल का? माझ्या मेहुणीला असंच काहीतरी सांगितलं होतं.

---

वाशी_सेक्टर_नऊ | मंगळवार, सकाळी ७.३०

मी सांगते, कारण आमच्या शेजारी झालंय. फोन येतो, "पार्सल घेऊन खाली उभा आहे, तुमचा फोन लागत नाही, तारा ४०१ तारा आणि पुढे हा दहा आकडी नंबर डायल करा, थेट माझ्याशी बोलणं होईल." ते डायल केलं की आपले येणारे कॉल त्याच्या नंबरवर वळतात. मग बँकेचा ओटीपी फोन कॉलवर मागवता येतो, व्हॉट्सअ‍ॅपही दुसऱ्या फोनवर चालू करता येतं. आपल्याला फक्त एवढंच कळतं की आज फोन कुणाचाच येत नाहीये.

रद्द करायला हॅश हॅश ००२ हॅश डायल करायचं. बहुतेक कंपन्यांच्या फोनवर त्याने वळवणं बंद होतं. हा आकडा फ्रिजवर लिहून ठेवलाय.

---

घरचा_फराळ | मंगळवार, दुपारी २.१५

दुसऱ्या बाजूने लिहिते. मी ठाण्यात वसंत विहारला राहते. भाजणी, मेतकूट, दिवाळीत फराळ, असं घरून पाठवते. म्हणजे तुमच्या भाषेत मी 'दुकानदार' आणि तुमचे पत्ते माझ्याकडे असतात.

हा धागा वाचून रविवारी रात्री मी व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकलेले माझे जुने फोटो उघडून बघितले आणि हात कापले. गेल्या दिवाळीत मी रोज 'आज निघालेली पार्सलं' म्हणून फोटो टाकत होते. अभिमान वाटायचा, चाळीस-चाळीस खोकी एका ओळीत. मोठं करून बघितलं तर प्रत्येक खोक्यावरचं नाव, पत्ता, मोबाइल स्वच्छ वाचता येत होतं. माझ्या ग्राहकांमध्ये एकट्या राहणाऱ्या आजी आहेत, परदेशात मुलं असलेले आई-वडील आहेत. त्यांनी मला पत्ता चकली पाठवायला दिला होता. मी तो चारशे लोकांना दाखवला.

स्टेटस चोवीस तासांत गेलं असलं तरी तेच फोटो माझ्या धंद्याच्या ऑनलाइन पानावरही होते. सगळे काढले. ज्या ग्राहकांची नावं दिसत होती त्यांना एकेकाला फोन करून सांगितलं. अवघड गेलं, पण कुणी रागावलं नाही. २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदाही तेच म्हणतो, ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी वापरायची. पण मला कायद्यापेक्षा त्या आजींचा चेहरा आठवला. घरून धंदा करणाऱ्या सगळ्या ताईंना हात जोडून विनंती, फोटो लेबल लावण्याआधी काढा. यादी वहीत असेल तर ती कपाटात ठेवा, आणि जुन्या ऑर्डरचे पत्ते लागत नसतील तर फाडून टाका.

विकणाऱ्यांनाही गंडवतात, तेही सांगते. "पन्नास किलो चिवडा हवा, आगाऊ देतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील." पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपले गेले. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे 'मागण्याची' यूपीआयमधली सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालीये, त्यामुळे ती एक वाट तरी बुजली. 'पैसे पाठवले' असा स्क्रीनशॉट बघून माल द्यायचा नाही, जमा झाल्याचा मेसेजही खोटा बनवतात. बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक बघायची.

---

घोडबंदर_कासारवडवली | मंगळवार, संध्याकाळी ६.००

सेक्टर_अठरा, तुमच्या आईचं वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं. माझे वडील असते तर तेही तसंच बसून राहिले असते. माझं पहिलं मत मागे घेतो. सीओडीबद्दल अजूनही मी ठाम आहे, पण न मागवलेल्या पार्सलचं मला माहीत नव्हतं. घरात आजपासून नियम, ज्याने मागवलं त्याने ग्रुपवर टाकायचं, नाहीतर पैसे द्यायचे नाहीत.

---

तळ्याकाठी | मंगळवार, रात्री ९.३०

ठाण्यात मासुंदा तलावाजवळ राहते. दुकानांनी भरलेला राम मारुती रोड दोन मिनिटांवर असताना मी साडी ऑनलाइन का घेतली, याचं उत्तर जाहिरातीतली किंमत. नामांकित पेढीच्या नावाशी मिळतंजुळतं नाव, 'फक्त आज', उलटं धावणारं घड्याळ. १,८९९ भरले. साडी आली नाही आणि साइट आठवड्यात गायब.

नंतर कळलं की ओळखायला सोपं होतं. ग्राहक संरक्षणाच्या ई-कॉमर्स नियमांनुसार (२०२०) विकणाऱ्याला आपलं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यावंच लागतं. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. त्या साइटवर खाली नुसता एक ईमेल होता. आता मी साडीच्या आधी पानाचा तळ बघते. पत्ता नकाशावर टाकून बघते. परत करायचे नियम वाचते, ते कुठल्या तरी परदेशी साइटवरून उचललेले असतील तर लगेच कळतं.

माल खराब, परतावा अडवला, अशी तक्रार असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. पैशांची फसवणूक झाली तर १९३०. माझ्या बाबतीत मी आधी १९१५ ला लावून वेळ घालवला.

आणखी एक. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. वरती येणारा नंबर कुणीही चढवलेला असतो. अ‍ॅपमध्ये किंवा बिलावर असेल तोच लावा. दुकानात, मॉलमध्ये बिल करताना मोबाइल नंबर मागतात, तोही देणं सक्तीचं नाही. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना तशी सूचना केलीये. मी 'नको' म्हणते, बिल मिळतं.

---

ऐरोली_लोकल | बुधवार, सकाळी ८.२५

राहिलेलं एकच, पण मला सगळ्यात धोक्याचं वाटतं ते. 'पार्सल ट्रॅक करायला हे अ‍ॅप टाका' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर जी एपीके फाइल येते ती. वाहतुकीच्या दंडाचं चलन, लग्नाची पत्रिका या नावांनीही येते. ती टाकली आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की ओटीपी आपल्याला विचारावा लागतच नाही. अँड्रॉइडमध्ये 'अनोळखी ठिकाणाहून अ‍ॅप' ही परवानगी व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझर दोघांसाठी बंद करून ठेवा. चुकून टाकलं गेलंच तर आधी इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवा. स्क्रीन दाखवणाऱ्या अ‍ॅपचंही तेच. एनीडेस्कच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं.

सेक्टर_अठरा, कीबोर्डवर तरंगणाऱ्या आकड्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. आम्ही ग्राहकाचे चार सेकंद वाचवायला ते करतो. त्या चार सेकंदांत रक्कम वाचायची असते, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. ही सूचना सेटिंगमधून बंद करता येते.

---

पाचपाखाडी | बुधवार, सकाळी ११.४०

अडवलेल्या ११,२०० बद्दल. तक्रारीचा पोच क्रमांक आणि अडवलेल्या रकमेचा तपशील घेऊन पोलिसांकडे जा, ती रक्कम न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते. अनेकदा लोकअदालतीत असे अर्ज निकाली निघतात. तक्रार नोंदवताना लागणारे आकडे, म्हणजे व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ, कार्डाचे शेवटचे चार आकडे, एका कागदावर लिहून ठेवा, दरवेळी तेच विचारतात.

बँकेलाही लेखी द्याच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. दोन व्यवहार लागोपाठ, नेहमीच्या खर्चाच्या कितीतरी पट, हे बँकेच्या यंत्रणेला खटकलं कसं नाही, असा प्रश्न त्यात जरूर विचारा. मी तिथे बसलो होतो, म्हणून सांगतो, हा प्रश्न टोचतो.

---

सेक्टर_अठरा | रविवार, रात्री ८.५०

आठवड्याने येतेय.

आपण सगळ्यांनी लिहिलेलं मी छापून बाबांना दिलं. त्यांनी पेन घेऊन वाचलं, पार्सलवाला दादांच्या प्रतिसादाखाली दोन रेघा मारल्या. खरेदीसाठी वेगळं खातं काढलं, त्यात तीन हजार. परदेशी व्यवहार बंद. तरंगणारे आकडे बंद, आता मेसेज उघडून ते रक्कम मोठ्याने वाचतात आणि मग आकडे टाकतात. स्वयंपाकघरात ऐकू येतं.

लेबलाचं त्यांनीच शोधून काढलं. कुरिअरचा तो पांढरा कागद उष्णतेने काळा होतो. पुठ्ठ्याच्या खोक्यावर गरम इस्त्री एकदा टेकवली की नाव, नंबर सगळं काळं. प्लॅस्टिकच्या पिशवीला चालणार नाही, ती कात्रीने कापायची. सोसायटीच्या लॉबीत त्यांनी एक जाड काळा मार्कर दोरीने बांधून ठेवलाय. शेजारच्या विंगमधल्या दोन काकांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की त्यांचंही असंच झालं होतं, एकाचं मागच्या वर्षी. घरी अजून माहीत नाही. बाबा त्यांच्याबरोबर उद्या बँकेत जाणार आहेत.

गुरुवारी परत फोन आला होता. "काका, तुमच्या मशीनचा परतावा मंजूर झालाय." बाबा म्हणाले, "बरं. मी अ‍ॅपमध्ये बघतो," आणि ठेवला. मग पाणी प्यायले. हात थरथरत होते असं आई म्हणाली.

कफ खरोखरच आवळतो. काल त्यांनी मोठ्या मापाचा मागवला, स्वतःच. मंगळवारी येईल.